वरचं बटण, खालचं बटण

एप्रिल १९७०. पृथ्वीकडे परतणाऱ्या अपोलो १३ची दिशा सुधारण्यासाठी लूनर मॉड्यूलचं (चंद्रावर उतरण्यासाठीच्या भागाचं) इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. विजेअभावी मार्गदर्शक संगणक बंद होता. जिम लॉवेल आणि फ्रेड हेज यान सांभाळत होते, आणि जॅक स्वायगर्ट मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर सेकंद मोजत होते.

हे चावीचं घड्याळ. रोज सकाळी चावी द्यायची, घट्ट लागली की थांबायचं. चावी उतरत आली असताना क्रोनोग्राफ (घड्याळातली वेळ मोजायची सोय) चालवला, तर बॅलन्स व्हीलचा, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या झुलत्या चाकाचा झोका आखूड होतो आणि घड्याळाची वेळ बिघडते.

दोनच्या आकड्याजवळचं बटण पूर्ण दाबा. मधला लांब काटा निघतो. निघताना त्याने किंचित उडी मारली, तर घाबरू नका. आत एक दातेरी चाक बाजूने सरकून मधल्या चाकात अडकतं, आणि दाते नेमके समोरासमोर आले की काटा हलतो. तेच बटण पुन्हा दाबलं की काटा थांबतो. आणखी एकदा दाबलं, तर थांबला होता तिथून पुढे चालू लागतो.

शून्यावर आणण्यासाठी चारजवळचं बटण, पण काटा थांबवल्यावरच. तेव्हा हातोडी काट्याच्या दांड्यावरच्या हृदयाच्या आकाराच्या चकतीवर (कॅमवर) पडते आणि काटा क्षणात बारावर येतो. काटा चालू असताना हातोडीची वाट कॉलम व्हीलच्या, म्हणजे बटणांचं काम ठरवणाऱ्या खांबांच्या चाकाच्या खांबाने अडवलेली असते. जोर केलात, तर आतल्या पट्ट्या वाकतील. काटा बाराच्या जरा अलीकडे-पलीकडे थांबू लागला, तर तो दांड्यावर सैल झालाय; कारागिराकडे न्या.

नऊजवळची छोटी तबकडी नेहमीच्या सेकंदांची, तिचा मोजणीशी संबंध नाही. तीनजवळची ३० मिनिटांपर्यंत मोजते, सहाजवळची १२ तासांपर्यंत. मिनिटाचा काटा फेरी पुरी होण्याआधीच सरकायला लागतो; म्हणून लांब काटा ५८-५९वर असेल, तर मिनिट एकने जास्त वाचलं जाण्याचा धोका असतो. तासाचा काटा दोन खुणांच्या मध्याच्या पुढे गेला असेल, तर मिनिटांत ३० मिळवा.

कडेची आकड्यांची पट्टी, म्हणजे टॅकीमीटर, वेगासाठी. किलोमीटरच्या एका दगडापाशी सुरू, पुढच्या दगडापाशी बंद. ४५ सेकंद लागले, तर काट्यासमोर ८० दिसतील: ताशी ८० किलोमीटर. मिनिटापेक्षा जास्त लागणार असेल, तर अर्धाच किलोमीटर मोजा आणि आकडा निम्मा करा.

त्या काळच्या स्पीडमास्टरमधल्या ‘३२१’ नावाच्या यंत्राचे ठोके सेकंदाला ५. त्यामुळे सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा बारीक वाचन यातून निघत नाही. आणि पाण्यात असताना बटणांना हात लावायचा नाही.