अठरा मिलिमीटरचं सुख

मंडळी, विषय दिलाय तो असा: सुख मोजता येतं का, आणि येत असेल तर ते वाढवत नेणं हेच आपलं कर्तव्य का? त्यासाठी चाळीस मिनिटं मिळालीत. दहा सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला जड आहे.

नाशकात सुरुवात द्राक्षापासूनच करावी लागते. निफाडकडे माझ्या मामांची बाग. लहानपणी आम्ही पोरं मणी तोंडात टाकून सांगायचो, साखर उतरली की नाही. मग मामांनी रिफ्रॅक्टोमीटर आणला. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा भाग संपून पांढरा सुरू होतो तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स, रसातल्या साखरेचं माप. आमची नोकरी गेली.

त्याची तक्रार नाही. तक्रार पट्टीची आहे. निर्यातीचा व्यापारी खिशातून भोकांची पट्टी काढायचा आणि मणी त्यात घालून बघायचा. १८ मिलिमीटर! त्याहून बारीक मणी अमृत का असेना, बाजूला. म्हणून विरळणी करा, जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात घड बुडवा, फुगवण करा. मणी फुगले, सगळे एकसारखे झाले. बांधाला एक जुना वेल होता, बारीक मण्यांचा. मामा तो काढायला निघाले तेव्हा मामी आडव्या आल्या. म्हणाल्या, "त्यांच्या पट्टीत बसत नसेल, माझ्या तोंडात बसतो." टाळ्या मामींना पोचवतो.

मोजण्याचं हे वेड साहेबांनी आणलं असं समजू नका. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं एकक आहे: तरुण, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याची. तिथून ब्रह्मापर्यंत दहा पायऱ्या, दर पायरीला शंभर पट. मांडून बघा, एकावर वीस शून्यं होतात! आणि गंमत म्हणजे त्या प्रत्येक पायरीवर एक जण फुकटात जाऊन बसलेला असतो, तो म्हणजे निरिच्छ वेदज्ञ.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ विषय राहिलाच की!

तर बेंथॅम, सुखाची बेरीज वाढवा म्हणणारा इंग्रज तत्त्वज्ञ. १७८९ च्या ग्रंथात त्यानं सुखाला सात कसोट्या लावल्या: किती तीव्र, किती टिकाऊ, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून आणखी सुख निपजतं का, दुःखाची भेसळ किती, आणि किती जणांना मिळतं. त्याच्याच पंथातला मिल म्हणाला, सुखाला प्रतही असते. टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त या पंथाच्या 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या तत्त्वाची उलटतपासणी घेतली. १९८४ मध्ये पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञानं दाखवलं, की नुसती बेरीजच वाढवायची तर जेमतेम जगणाऱ्यांची प्रचंड गर्दी मूठभर सुखी माणसांपेक्षा सरस ठरते. तो निष्कर्ष त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला.

माझं म्हणणं एवढंच. बेंथॅमचं माप कायदा करणाऱ्याच्या हातात द्यायचं होतं. येवल्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की हंडे मोजावेच लागतात, नाहीतर दांडग्याच्या घरी दहा जातात आणि एकट्या म्हातारीकडे एकही नाही. तिथे 'सुख कुठे मोजता येतं?' म्हणणारा तत्त्वज्ञ दांडग्याच्याच बाजूचा. पण तीच पट्टी घरात आणून, आज आपण किती मिलिमीटर सुखी झालो, हे रोज रात्री बघायला लागलो की आपलीही फुगवण सुरू.

दुसरी चिठ्ठी. प्रश्नोत्तरं नाहीत म्हणे. पार्फिटवरून भांडायचंय त्यांनी मागे चहाच्या टेबलापाशी या. जुन्या वेलाचे दोन घड आणलेत. तुम्ही शंभरेक आहात. वाटप कसं करायचं ते बेंथॅमला विचारून ठरवू.