आपल्या घरासमोरची भिंत

श्रोतेहो, जय ख्रिस्त! आणि नाताळच्या मनापासून शुभेच्छा.

वर्षाचा शेवटचा आठवडा आला. कॅम्पातली रोषणाई अजून उतरलेली नाही, घरोघरी फराळाचे डबे अजून संपलेले नाहीत, आणि पुण्यातल्या मंडळ्यांमध्ये 31 तारखेच्या वॉच नाईटची, म्हणजे नव्या वर्षाचं स्वागत करणाऱ्या रात्रीच्या उपासनेची, तयारी सुरू झाली आहे. त्या रात्री आपल्यापैकी अनेकांच्या हाती नव्या वर्षासाठी बायबलमधल्या वचनाचं कार्ड पडेल. ते आपण जपून बायबलमध्ये ठेवू, कोणी फोनवर लावू. देवानं या वर्षासाठी मला काय दिलं, हे जाणून घ्यायची आपल्याला फार ओढ असते, आणि ती ओढ चांगलीच आहे. पण या वर्षी देवाला माझ्याकडून काय हवं आहे, हा प्रश्न तितक्याच ओढीनं आपण विचारतो का? आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

बायबलमधला नहेम्या मला या दिवसांत हटकून आठवतो. तो यहूदी माणूस शूशन राजवाड्यात पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक होता. नोकरी मानाची, राहणं सुखाचं. किसलेव महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरात, यरुशलेमहून त्याचा भाऊ हनानी आला आणि त्यानं सांगितलं, आपल्या पूर्वजांच्या नगराचा कोट पडला आहे, वेशी जळून गेल्या आहेत. नहेम्या खाली बसला आणि रडला. त्यानं उपास केला, प्रार्थना केली. राजासमोर तो कधी बोलला? निसान महिन्यात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलात. मध्ये जवळजवळ चार महिने गेले!

या चार महिन्यांकडे आपण नीट पाहावं असं मला वाटतं. तो नुसता थांबून राहिला नव्हता. राजानं 'तुझी मागणी काय?' असं विचारलं तेव्हा त्याच्याकडे सगळं तयार होतं. कोट बांधून परत यायला किती दिवस लागतील, कोणकोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून घ्यायचं, सगळं. वनरक्षक आसाफाचं नावसुद्धा त्याला ठाऊक होतं. आणि तरीही उत्तर देण्याआधी, राजासमोर उभा असताना, त्यानं मनातल्या मनात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. म्हणजे त्याच्या प्रार्थनेनं नियोजनाची जागा घेतली नाही, आणि नियोजन पक्कं झालं म्हणून प्रार्थना थांबली नाही. आपल्याकडे काही विश्वासी मंडळी म्हणतात, 'आपण कशाला ठरवायचं, प्रभू चालवील तसं चालायचं.' मला हे पटत नाही. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर, हे खुद्द प्रभू येशूनं लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे.

पण नहेम्याकडून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्याचं ध्येय त्याच्या रडण्यातून निघालं. नवीन वर्षाचे संकल्प आपण बहुतेक इतरांकडे पाहून करतो. अमक्यानं वजन कमी केलं, तमक्यानं बाणेरला फ्लॅट घेतला, कोणाचा मुलगा परदेशी गेला. यातलं काहीच वाईट नाही. शरीर देवानं दिलेलं आहे, ते नीट राखावं, घरही असावं. पण वर्षभर टिकून राहायचं बळ अशा तुलनेतून येत नाही. तुमचं मन गेल्या वर्षात कशानं पोळलं? कोणाची अवस्था पाहून तुम्ही रात्री जागे राहिलात? ख्रिस्ती माणसानं ध्येयाचा शोध तिथून सुरू करावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचं किती मोठं उदाहरण आहे! पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली होती. अन्नाविना माणूस कसा संपतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली तेव्हा विधवांसाठीचं शारदा सदन चालवणं हेच एका बाईच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा यांना सोबत घेऊन आल्या. केडगावची मुक्ती ही संस्था अशी उभी राहिली. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर ते स्टेशन लागतं, पुण्याहून साधारण 60 किलोमीटर.

आणि त्यांचं दुसरं ध्येय पाहा. साध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत संपूर्ण बायबल. संस्कृत पंडिता असलेल्या या बाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून झाली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम चालू राहिलं. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झालं. एवढं मोठं काम कोणा एका वर्षाच्या संकल्पात मावणारं नव्हतं. पण रोजच्या दिवसाला मात्र ते मावत होतं. आजची ओवी, आजचा अध्याय, आजचं प्रूफ.

आता कोणी म्हणेल, त्या रमाबाई होत्या, आम्ही सकाळी हडपसरहून निघून हिंजवडीला जाणारी माणसं, रात्री घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही. अगदी खरं आहे. म्हणूनच नहेम्याचा तिसरा अध्याय वाचा. तो कोट पुन्हा बांधणाऱ्यांच्या नुसत्या नावांचा अध्याय आहे, आपण तो सहसा गाळतो. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारे आहेत, शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा आहेत. गवंडी म्हणून कोणाची ओळख नाही. आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते: अमक्यानं आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. मशुल्लामानं तर आपल्या खोलीसमोरचा. असा तो सगळा कोट 52 दिवसांत पुरा झाला.

तुमच्या घरासमोर काय पडलेलं आहे?

वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे का? मग तुमचं या वर्षाचं पहिलं काम तेच. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलं आहे. हे झाल्याशिवाय बाकी आध्यात्मिक संकल्प करण्यात फारसा अर्थ नाही, असं मी स्पष्टच म्हणेन. समेट एका दिवसात होणार नाही. पहिला फोन जानेवारीत, भेट ईस्टरच्या आधी, कागदांचं बोलणं त्यानंतर, असं ठरवता येतं. लग्नासाठी काढलेलं कर्ज मानेवर असेल तर ते फेडणं हेही देवासमोर ठेवण्यासारखं ध्येय आहे. तुमच्याच सोसायटीत मुलं परदेशी असलेलं वयस्क जोडपं असेल. ससूनच्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेले, रुग्णासाठी रात्र रात्र बसून राहणारे नातेवाईक असतात. आठवड्यातला एक दिवस ठरवून त्यांच्याकडे चार डबे पोचवणं तरुण संघाला जमण्यासारखं आहे.

वचन वाचायचं असेल तर तेही झेपेल एवढंच ठरवा. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून जोमानं सुरुवात करून लेवीय या तिसऱ्यापाशी थांबलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो, आणि दोन दिवस राहून गेलेलं भरून काढायला मिळतात. पीएमपीच्या बसमध्ये एक अध्याय सहज वाचून होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. काम सुरू झालं की बोलावणी येऊ लागतात. नहेम्याला शत्रूंनी चार वेळा भेटीला बोलावलं. त्याचं उत्तर चारही वेळा एकच: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. आपल्याला बोलावणारे शत्रू नसतात. ते फोनवरचे ग्रुप असतात, मंडळीतल्या समित्यासुद्धा असतात. तीन कमिट्यांवर नाव असलेला माणूस घरातल्या आजारी आईपाशी बसू शकत नसेल, तर त्यानं एका कमिटीतून बाहेर पडावं. पाळकसाहेबांनीही त्याला आनंदानं जाऊ द्यावं.

आणि ठरवलेलं घडलंच नाही तर? मार्चमध्ये आजारपण आलं, नोकरी गेली? बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो की उद्याचं तुम्हांला ठाऊक नाही, म्हणून 'प्रभूची इच्छा असेल तर' असं म्हणा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं 1755 मध्ये लंडनमध्ये कराराची, म्हणजे देवाशी असलेलं नातं नव्यानं पक्कं करण्याची उपासना घेतली. मेथडिस्ट मंडळ्यांत ती पुढे नव्या वर्षाच्या सुरुवातीला होऊ लागली. त्या उपासनेच्या प्रार्थनेचा आशय असा आहे: प्रभू, मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव, दोन्ही मला मान्य आहे. ही प्रार्थना म्हणायला फार कठीण आहे. पण ती म्हणून केलेलं नियोजन अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही निकामी ठरवत नाही.

तेव्हा या आठवड्यात एक तास काढा. वॉच नाईटच्या आधीच, शक्यतो नवरा-बायकोनं मिळून. काय पडलेलं आहे ते पाहा, त्यावर प्रार्थना करा, आणि एकच काम कागदावर लिहा. दोन लिहिलीत तरी चालेल, दहा नकोत. ज्यांच्यासमोर लपवाछपवी चालत नाही अशा एका माणसाला ते सांगा. आढावा कधी घ्यायचा हे आपल्या ख्रिस्ती वर्षानं ठरवून दिलेलंच आहे: ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू करणारा भस्म बुधवार, ईस्टर, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेन्टेकॉस्ट, पुढे पिकाबद्दल आभार मानायचा हंगामाचा सण आणि नाताळाआधीचा आगमनकाळ. त्या तारखा आताच नव्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. भस्म बुधवार तर लवकरच येतो, तोवर पहिला फोन झालेला असू द्या.

प्रभू तुम्हांला आणि तुमच्या घराला आशीर्वाद देवो. जय ख्रिस्त.