सिंह बघायचा तर बाभळीपाशी थांबा

केनियातलं लाइकिपिया. विषुववृत्त इथूनच जातं, आणि ढग बाजूला झाले की माउंट केनियाची शिखरं दिसतात. ओल पेजेताच्या या राखीव माळरानावर पहाटे गाड्या निघतात त्या सिंहाच्या शोधात. आपण मात्र या बाभळीपाशी थांबू.

जरा कान द्या. शीळ ऐकू येतेय? आपल्या माळावरच्या बाभळीचीच ही नातलग. हिच्या काट्यांच्या बुडाशी लहान लिंबाएवढ्या पोकळ गाठी असतात. मुंग्या त्यांना भोकं पाडून आत राहतात. भोकांवरून वारं गेलं की ही शीळ वाजते.

आता फांदीला नुसता धक्का लागू द्या. बघा, गाठीगाठीतून कशा धावत आल्या! झाडानं त्यांना घर दिलं, मधुरस दिला. त्या झाडाची राखण करतात. एरवी अख्खं झाड आडवं करणारा हत्ती सोंडेत शिरून चावणाऱ्या या मुंग्यांपुढे माघार घेतो.

इकडे मात्र फांदी हलवली तरी कुणी धावून येत नाही. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंगीनं इथले राखणदार मारून टाकलेत, आणि ती स्वतः झाड राखत नाही. अशा भागात हत्ती पाच ते सात पट जास्त झाडं मोडतात. मोडून पडलेल्या या बाभळी बघवत नाहीत.

सिंहिणीची सगळी मदार आडोशावर. झाडी विरळ झाली की झेब्र्यांना ती लांबूनच दिसते.

संशोधकांनी सिंहिणींच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले, शिकारीच्या जागा तपासल्या. २००३ साली सिंहांच्या शिकारीत ६७ टक्के झेब्रे होते. २०२० पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आले. त्याच काळात रानम्हशी शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. सिंहांची संख्या घटलेली नाही, त्यांनी सावज बदललं. पण रानम्हैस सोपी नाही. ती उलटून शिंगावर घेते, तिला पाडायला जास्त सिंह लागतात.

आणि ती मुंगी? वर्षाला साधारण ५० मीटर पुढे सरकतेय.

या बाभळीवर अजून राखणदार आहेत. हत्ती जवळ येतो, सोंड उचलतो, वास घेतो... आणि पुढच्या झाडाकडे वळतो.