चिमणी पाडली कोणी? चरित्रातून वाचन, चरित्रातून व्याकरण

श्रोतेहो, नमस्कार.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात मी तिसरी-चौथीच्या मुलांना मराठी शिकवते. वाचन आणि व्याकरण हे दोन तास वेगवेगळे धरायचे, वाचनाच्या तासाला धडा आणि व्याकरणाच्या तासाला व्याख्या, ही आपली जुनी रीत. ती सोडून दोन्ही गोष्टी एकाच चरित्रातून कशा शिकवता येतात, हे आज मला सांगायचं आहे.

चरित्र निवडताना मी एक पथ्य पाळते. ज्यात 'थोर', 'महान', 'अलौकिक' हे शब्द जास्त आणि घडलेल्या गोष्टी कमी, ते चरित्र मी वर्गात नेत नाही. लहान मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत हे फार होतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'ते थोर होते' या वाक्यात मुलाने शोधायचं काय? पाहिलं, विचारलं, उघडलं, चढला, लिहिलं अशी क्रियापदं असली की मूल पुढे काय झालं म्हणून वाचत राहतं.

म्हणून मी सलीम अलींचं बालपण घेते. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली, जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आपल्या जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळरानामुळे माळढोकाचं नाव आमच्या मुलांच्या कानावरून गेलेलं असतं. माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं ज्यांचं मत होतं, ते हेच. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. एवढं सांगितलं की मुलं कान टवकारतात.

मग मी फळ्यावर एक उतारा लिहिते. तो तुम्हीही ऐका.

"सलीम दहाएक वर्षांचा होता. त्याच्याकडे छर्‍यांची बंदूक होती. एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी त्याला एक चिठ्ठी दिली आणि मिलार्डसाहेबांकडे पाठवले. त्यांनी ती लगेच ओळखली. त्यांनी एकामागून एक खण उघडले. खणांत पेंढा भरलेले पक्षी होते."

हे मामा म्हणजे अमीरुद्दीन तय्यबजी. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे सलीम त्यांच्याकडे वाढला. मिलार्ड हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव. चिमणी होती पिवळ्या गळ्याची रानचिमणी.

आता यातलं एक वाक्य पुन्हा ऐका. "त्यांनी ती लगेच ओळखली." त्यांनी म्हणजे कोणी? मामांनी की मिलार्डसाहेबांनी? आणि ती म्हणजे काय, चिठ्ठी की चिमणी? हे वाक्य मी मुद्दाम असं अडचणीचं ठेवते. मुलं खडू घेऊन प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढतात. जे मूल घडाघडा वाचतं पण बाण चुकीचा काढतं, त्याला अजून वाचता येत नाही हे मला तिथे कळतं. अडखळत वाचणारं एखादं मूल बाण मात्र बरोबर काढतं. त्याला समजतंय, फक्त जोडाक्षरांचा सराव हवा आहे. 'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या दोघांनाही पाठ होती. ती पाठ असून या वाक्यापुढे तिचा काही उपयोग झाला नव्हता.

पुढचं वाक्य आहे चिमणी पाडल्याचं, आणि त्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. आमच्या भागात घराघरात कानडी बोलतात, आणि इथल्या मराठीवरही तिची छाया आहे. त्यामुळे मुलं वाचून दाखवताना सहज म्हणतात, "तो चिमणी पाडला." घरी तेच बोलतात, "मी पुस्तक वाचलो," "मी काम केलो." कृपा करून याला अशुद्ध म्हणून मुलाला गप्प करू नका. त्याच्या बोलीला नियम आहे, करणारा जसा तसं क्रियापद. कानडीत तसंच असतं. पुस्तकातल्या मराठीचा नियम वेगळा आहे, एवढंच त्याला दाखवायचं.

ते दाखवायला फळ्यावर फक्त शब्द बदलायचे. त्याने चिमणी पाडली. त्याने आंबा पाडला. त्याने फळ पाडले. त्याने आंबे पाडले. मग 'त्याने'च्या जागी मामींना आणायचं. मामींनी चिमणी पाडली, मामींनी आंबा पाडला. क्रियापद हललं का? नाही. आणि आता बघा, तो गेला, मामी गेल्या. इथे मात्र हललं. थोडा वेळ मुलं गप्प असतात, मग कोणीतरी ओरडतं. एका मुलीने सांगितलेला नियम आमच्या भिंतीवर आजही आहे, "ने किंवा नी लागला की क्रियापद माणसाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं." कर्तरी आणि कर्मणी ही नावं तिला पुढच्या इयत्तांत भेटतील. तेव्हा तिला ती जड जाणार नाहीत, याची मला खात्री आहे.

लेखनाचंही यातच येतं. 'पक्ष्यांचा थवा' आणि 'पक्षांचा थवा' यांत फरक काय? पहिला उडतो, दुसरा निवडणूक लढवतो. पक्षी या शब्दाला प्रत्यय लागला की 'ष्य' ऐकू यायला हवा, 'क्ष्य' लिहायला हवा. मोठ्यांच्या फलकांवरही हा 'य' गळलेला दिसतो, म्हणून मी तो चौथीतच पक्का करून घेते.

उताऱ्याचा दुसरा भाग मोठेपणीचा. १९१४च्या सुमाराला सलीम ब्रह्मदेशात कामाला जातो. पुढे बर्लिनला पक्षिशास्त्र शिकतो. १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या खोप्यांचं निरीक्षण करतो. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक लिहितो. या भागात सर्वनामांच्या जागा मी कोऱ्या ठेवते. मुलांनी ठरवायचं, इथे 'तो' लिहायचं की 'ते'? लहानपणी बंदूक घेऊन फिरणारा 'तो' होता. मग तो 'ते' कधी झाला?

यावर वर्ग अक्षरशः भांडतो. ब्रह्मदेशात कमावता झाला तेव्हाच 'ते', असं एकाचं म्हणणं. बर्लिनला तर शिकायला गेला होता, विद्यार्थ्याला 'ते' कसं म्हणायचं, असं दुसऱ्याचं. पुस्तक लिहिल्यावर 'ते', हे बऱ्याच जणांना पटतं. मी उत्तर देत नाही, कारण मागते. कारण सांगायचं तर मजकूर पुन्हा वाचावा लागतो, आणि मला तेच हवं असतं. 'ते' ठरलं की बाकीचं वाक्यही बदलायला लागतं. गेला होता, गेले होते. बसला, बसले. पण 'पुस्तक लिहिले' हे जसंच्या तसं. "बाई, ने-नी आलं ना!" हे मला सांगावं लागत नाही.

किहीमच्या परिच्छेदात एक गंमत आहे, ती मुलांना फार आवडते. आपण म्हणतो सुगरण खोपा विणते. पण सलीम अलींनी तासन्‌तास बसून जे पाहिलं ते असं, की विणतो नर. खोपा अर्धा झाला की मादी येऊन आत शिरून पाहते, पसंत पडला तर राहते. मग तो नर दुसरा खोपा विणायला घेतो. शब्द स्त्रीलिंगी आणि विणणारा नर! पक्ष्यांतलं लिंग आणि व्याकरणातलं लिंग या दोन गोष्टी आहेत, हे चौथीतल्या मुलाला इतक्या सहज दुसरीकडे कुठे कळणार?

पालकांना हे घरीही करता येईल. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. तेव्हा दहा-बारा वाक्यांचा असा एक उतारा स्वतः लिहून काढा. वाक्यं छोटी ठेवा, एक-दोन सर्वनामं जरा अडचणीची येऊ द्या. चिमणी मारली हे लपवू नका, मुलं त्यावर विचारतात आणि ते विचारलंच पाहिजे. तुम्ही एकदा मोठ्याने वाचा, मग मुलाला वाचू द्या, आणि त्याच्याकडून बाण काढून घ्या. ते जमलं की त्याला आजीजवळ पाठवा. आजीला विचारून त्याने तिचं चरित्र लिहावं, दहाच वाक्यांत, 'थोर' हा शब्द न वापरता. आजी पहिल्यांदा शेतावर कधी गेली, शाळा कोणी सोडवली, विहीर कोणी खणली. आजीला लिहिताना 'ती' म्हणायचं की 'त्या', हे त्याचं त्यालाच ठरवू द्या, आणि कारण मात्र विचारा.

नमस्कार.