ब्रश हातात देण्याआधी

(धुळे येथे राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, एका गावाबाहेरचं पडकं हेमाडपंती देऊळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काही वर्षांपूर्वी सात दिवसांचं शिबिर घेऊन मी तिथे गेलो होतो. पन्नास मुलं-मुली, घमेली, फावडी, खराटे आणि तारेचे ब्रश. उंबरठ्यावरच्या कीर्तिमुखावर, म्हणजे दगडात कोरलेल्या उग्र चेहऱ्यावर, दगडफूल चढलं होतं. आपण काळ्या मसाल्यात घालतो, तेच दगडफूल. मुलांना ती घाण वाटली आणि मलाही वाटली. दोन तासांत पोरांनी कीर्तिमुख घासून लख्ख केलं. मी शाबासकी दिली, फोटो काढले. संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा त्या चेहऱ्यावर ओरखड्यांचं जाळं दिसलं. भुवईची बारीक रेघ गेली होती. शेकडो पावसाळ्यांनी जी पुसली नाही, ती आम्ही एका दुपारी पुसली.

चूक मुलांची नव्हती. त्यांनी जीव ओतून काम केलं होतं. त्यांना तिथे नेणारा मी, आणि मला हे काम शिकवलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट आहे. आपण स्वयंसेवकांना शिबिरात शिकवतो, पण स्वयंसेवकांना सांभाळणाऱ्याला कोण शिकवतं? युरोपात यासाठी ‘युथ वर्कर’ नावाचं वेगळं काम आहे. आपल्याकडे ‘युवा कार्यकर्ता’ म्हटलं की पक्षाचा झेंडा आठवतो, तो अर्थ इथे नाही. तरुणांच्या सोबत राहून, त्यांना कामात उभं करणारा माणूस, एवढाच अर्थ. अशा माणसांसाठी तिकडे देशोदेशीच्या मंडळींना एकत्र बसवून प्रशिक्षणं होतात. युरोपीय संघाची इरास्मस प्लस योजना त्यासाठी पैसे देते. फ्रान्समध्ये रांपार ही संघटना 1966 पासून जुन्या वास्तूंवर तरुणांची शिबिरं घेते. युनेस्कोने 2008 मध्ये जागतिक वारसास्थळांसाठी स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू केला. शिबिरं वाढली, तशी शिबिर चालवणाऱ्यांना तयार करण्याची गरजही वाढली.

या सगळ्याचं मूळ 1920 मध्ये आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधलं व्हर्दनजवळचं एन नावाचं गाव जमीनदोस्त झालं होतं. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेझोलने तिथे वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यांत जर्मनही होते. कालपर्यंतचे शत्रू एकत्र घरं बांधत होते. पण गावाची जखम ओली होती, आणि काही महिन्यांतच काम थांबवावं लागलं. हात तयार होते, मन तयार नव्हतं. हाच सेरेझोल 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर मदतीला भारतात आला होता, हेही आपण लक्षात ठेवावं.

मला एकदा फ्रान्समधल्या अशा एका आठवड्याच्या प्रशिक्षणाला बसता आलं. वीसेक माणसं, आठ-दहा देशांची. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी चुना-वाळू हातात देतील. दिली नाही. एका पडक्या भिंतीभोवती आम्हांला दीड तास फिरवलं आणि जे दिसतं ते फक्त लिहायला सांगितलं. कुठे ओल आहे, कुठला दगड कुठे पडलाय, मुळं कुठे शिरलीत. पडलेला दगड उचलून बाजूला रचायचा नाही, कारण तो कुठे पडलाय त्यावरून तो कुठून निसटला ते कळतं. आमच्या शिबिरात आम्ही पहिल्या सकाळीच सगळे दगड उचलून नीट ढीग लावला होता. ती नोंद कायमची गेली.

पिंपळाचंही तसंच. रोप दिसलं की उपटायचं, हे आपल्या हातांना सवयीचं झालंय. पण मूळ सांध्यात शिरून जाड झालं असेल, तर उपटताना ते दगड सोबत घेऊन येतं. तिथे जाणकाराला बोलवावं लागतं, आणि तो येईपर्यंत पोरांना थांबवावं लागतं. उत्साहाने आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला ‘थांब’ म्हणायचं आणि तरी त्याचं मन मोडू द्यायचं नाही, हे मला सगळ्यात कठीण वाटलं. प्रशिक्षणात त्याचा सराव करून घेतात. एकजण रागावलेला स्वयंसेवक होतो, दुसरा त्याला समजावतो, बाकीचे बघतात आणि मग बोलतात.

चुन्याबद्दल थोडं सांगतो, कारण यात माणसांचंही शिक्षण आहे. जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की ते दगडापेक्षा कडक होतात. आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडालाच पापुद्रे सुटतात. चुना ओलीला वाट देतो. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. त्याला गोणपाटाने झाकून दिवसेंदिवस ओलसर ठेवावं लागतं. म्हणजे सात दिवसांच्या शिबिरात मुलाला आपल्या कामाचं फळ दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी तो कंटाळतो, फोन काढून बसतो. त्याला त्या ओल्या गोणपाटाची गोडी लावणं, हे सांभाळणाऱ्याचं काम.

असा माणूस खानदेशाला नवा नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढत. मुलांसोबत राहायचं, आधी आपण करायचं, आणि लिहून ठेवायचं. परदेशी प्रशिक्षणातल्या वह्यांत मला हेच भेटलं, तेव्हा आत काहीतरी हललं.

आणि वास्तू सांभाळायची रीतही इथलीच आहे. चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या देवळात शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. लेखाच्या शेवटी मराठी ओळी आहेत, आणि त्यांत बाजारातल्या मालातून आणि तेलाच्या घाण्यांमागे मठाला काय द्यायचं ते ठरवून दिलंय. आठशे वर्षांपूर्वी गावाने आपल्या घाण्यातलं तेल विद्येसाठी बाजूला काढलं! आज त्याच मुलखात आपण एका रविवारी झाडू मारून येतो आणि वर्षभर फिरकत नाही. मला हे बोचतं.

बाहेरचं सगळं जसंच्या तसं इथे चालणार नाही. तिकडची शिबिरं उन्हाळ्यात भरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी मुलांना दगडावर बसवणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं. आपलं काम दिवाळीनंतरचं. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही, हे मुलांना निघण्याआधीच सांगितलं पाहिजे. आणि आपली देवळं पडकी असली तरी तिथे दिवा लागतो. त्याच शिबिरात एक मुलगा चपला घालून गाभाऱ्यात शिरला, तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या आजी धावत आल्या. म्हणाल्या, “तू काय करी ऱ्हायना, भाऊ? हाऊ नुसता दगड नही, आमना देव शे.” परक्या देशातून आलेल्या स्वयंसेवकाला हे वाक्य समजावून सांगणारा माणूस इथलाच लागेल. म्हणून आपल्यातल्या चार-पाचजणांनी बाहेर जाऊन शिकून यावंच, पण पुढचं प्रशिक्षण इथे, तापीच्या काठी व्हावं, आणि तिकडच्या मंडळींनी आपल्याकडे येऊन शिकावं, असं मला फार वाटतं.

सुरुवात आपण त्याच देवळापासून करणार आहोत. कार्तिकात, फक्त बाराजण. पहिले दोन दिवस कुणाच्या हातात खराटासुद्धा नाही, वही आणि पेन्सिल. त्या आजी आता नाहीत. मी परवा जाऊन त्यांच्या सुनेला विचारून आलो. त्या म्हणाल्या, या, पाणी आमच्या विहिरीचं घ्या, पण आधी देवाला नारळ फोडा. नारळ मी आणतो. वह्या तुम्ही आणा.