पद्मिनी घाटात का तापते?

२०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. घरोघरच्या पद्मिनी मात्र अजून धावतात, आणि हौशी मालक त्या लोणावळ्यालाही काढतात. बोरघाट लागला की तापमानाचा काटा वर सरकू लागतो.

दोष पंख्याच्या जागेत आहे. आजच्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, इंजिन तापलं की आपोआप सुरू होतो. पद्मिनीत तो पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलाय आणि फॅन बेल्टवर फिरतो. चढावर ट्रॅफिक तुंबला, की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद; आणि नेमका तेव्हाच समोरून वारा नसतो. त्यात बेल्ट सैल असेल तर बघायलाच नको.

वॉटर पंपाकडे बघा. त्याच्या खालच्या बाजूचं बारीक भोक कारखान्यातूनच येतं. आतलं सील गेलं, की पाणी बेअरिंगकडे न जाता या भोकातून टपकतं. ते बुजवू नका, पंप बदला.

रेडिएटर पितळी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं की नळ्यांत क्षार बसतात. पण कारागीर टाकी उघडून नळ्यांत रॉड मारतो, टाकी पुन्हा डाग देऊन जोडतो, आणि रेडिएटर परत कामाला लागतो. हल्लीच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरचं हे नशीब नाही.

आता थर्मोस्टॅट. ‘काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे असते?’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गॅरेजात मिळतो. आम्हाला तो पटत नाही. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ऐंशी अंशांना ते वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला तर इंजिन बराच वेळ थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. शंका असेल तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी फुटेपर्यंत उघडला नाही, तर नवा घ्या. महाग नसतो.

होज पाइप, म्हणजे पाणी नेणारा रबरी पाइप, गाडी थंड असताना दाबून बघा. लिबलिबीत किंवा कडक झाला असेल तर क्लिपांसकट बदला. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. थंड इंजिनात भरा, झाकण उघडं ठेवूनच गाडी सुरू करा. वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे येत राहतील. पातळी खाली गेली की थोडं थोडं घालत राहा.