साहेब ‘नाही’ म्हणाले, तर पुढे काय?

मंडळी, ‘आमच्याकडे नव्या कल्पनाच येत नाहीत’ अशी तक्रार मोठ्या कंपन्यांचे अधिकारी नेहमी करतात. मला ती पटत नाही. कल्पना येतात, पण पहिल्याच साहेबाच्या टेबलावर अडकतात. सूचनापेटी लावून किंवा वर्षातून एकदा स्पर्धा घेऊन हे सुटत नाही. साहेब ‘नाही’ म्हणाले, तर त्या माणसाला पुढे कुठे जाता येतं, हे आधी पाहायला हवं.

अमेरिकेतल्या थ्री-एमने यावर फार लवकर विचार केला. 1902 साली ही कंपनी मिनेसोटात खाणकामासाठी निघाली. खनिज कुचकामी ठरलं, म्हणून ती पॉलिश पेपर बनवू लागली. तिथला रिचर्ड ड्रू हा तरुण नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा. दुरंगी गाड्यांची फॅशन होती. एक रंग झाकायला कागद डिंकाने चिकटवायचे आणि तो काढताना ताजा रंगच सोलून निघायचा. रंगारी वैतागलेले. रंग न उखडणारी पट्टी बनवायचं ड्रूने मनावर घेतलं. वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी त्याला ते सोडून आपलं काम कर म्हणून सांगितलं. ड्रू थांबला नाही. यंत्रासाठी पैसे मिळेनात, तेव्हा शंभर डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करता येते हे ओळखून त्याने नव्व्याण्णव डॉलरच्या ऑर्डरींचा सपाटा लावला, असं सांगतात. 1925 मध्ये मास्किंग टेप तयार झाली.

मला मोठेपणा वाटतो तो मॅकनाइट यांचा. ज्याला अडवलं त्याचंच खरं ठरलं, हे त्यांनी मान्य केलं आणि पुढे कंपनीची रीतच बदलली. 1948 पासून तंत्रज्ञांना कामाचा 15 टक्के वेळ आवडीच्या शोधासाठी मिळू लागला. शिवाय स्वतःच्या विभागाने नकार दिला तरी दुसरीकडून पैसे मागायची सोय झाली. संशोधकाला मॅनेजर न होता बढती मिळण्याची वाटही खुली झाली. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार कमी ठिकाणी दिसते, आणि त्यापायी चांगले इंजिनिअर हजेरीपत्रकं तपासत बसतात.

थ्री-एमचेच संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये धड न चिकटणारा डिंक सापडला. त्याचा उपयोग कुणालाच कळेना. 1974 मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमध्ये गाताना पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडू नयेत म्हणून तो आठवला. 1977 मध्ये हा डिंक लावलेल्या, चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची चार शहरांत विक्री करून पाहिली, ती फसली. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट नमुने वाटले, तेव्हा लोकांना त्यांची चटक लागली. पोस्ट-इट या नावाने त्या देशभर आल्या 1980 मध्ये, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. कोणत्या तिमाही आढाव्यात हे टिकलं असतं?

नुसती मोकळीक पुरत नाही, हेही तिथे ठाऊक होतं. विक्रीतला ठरावीक हिस्सा गेल्या चार-पाच वर्षांतल्या नव्या मालातून यायलाच हवा, असं उद्दिष्ट विभागप्रमुखांना असायचं. त्यामुळे हाताखालच्या माणसाचं ऐकणं ही त्यांचीच गरज झाली.

2001 मध्ये जेम्स मॅकनर्नी प्रमुख झाले. त्यांनी कारखान्यासाठीची सिक्स सिग्मा, म्हणजे चुका मोजून कमी करायची पद्धत, प्रयोगशाळेतही आणली. खर्च आटोक्यात आला, पण शोधाच्या प्रत्येक पायरीवर अहवाल आले. कारखान्यात चूक कमी होणं चांगलंच. प्रयोगशाळेत मात्र चुकायची मुभाच गेली. पुढे आलेल्या जॉर्ज बकली यांनी कारखान्यात सिक्स सिग्मा चालू ठेवली आणि संशोधकांच्या मानेवरचं तिचं जोखड सैल केलं.